मास्क कोणता घेऊ, हा दुसरा प्रश्न झाला; आधी जाळी फोडणं थांबवा

विचारणाऱ्याचं म्हणणं थोडक्यात असं: गॅरेजमध्ये दोन वर्षं झाली. महिन्याला चार-पाच गाड्यांचे चोक झालेले, म्हणजे आतून तुंबलेले, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टच्या पाइपातला, धूर कमी विषारी करणारा डबा) उतरवावे लागतात. उस्ताद घाईचे. गाडी आली की गरम असतानाच बोल्ट सोडायला लावतात. मग आतली जाळी सळई आणि हातोड्याने फोडून, कवच पोकळ करून तेच परत बसवायचं. त्या दिवशी मनगटं खाजतात, रात्री कोरडा खोकला येतो. तर मास्क कोणता घ्यावा, आणि कन्व्हर्टर किती वेळ थंड होऊ द्यावा?

मास्कचं उत्तर देतो, पण ते खाली येईल. एक्झॉस्टच्या कामात माझी पंचवीसेक वर्षं गेली आहेत आणि पहिली सात-आठ वर्षं मीही हेच केलंय, सळई आणि हातोडा. तुमची खाज आणि खोकला ही मास्क नसल्याची लक्षणं आहेत असं तुम्ही धरून चाललाय. माझ्या मते ती तुम्ही जे काम करताय त्याचीच लक्षणं आहेत. ते काम मुळात करायची गरज नाही.

कन्व्हर्टरच्या आत काय असतं ते आधी नीट डोळ्यांपुढे आणा. बाहेर स्टेनलेस स्टीलचं कवच. आत चिनीमातीच्या जातीची जाळी, चौरस इंचाला सर्रास चारशे भोकं, आणि भोकांमधली भिंत जेमतेम दीड-दोन दशांश मिलिमीटरची. तिच्यावर अ‍ॅल्युमिना आणि सेरियाचा थर, त्या थरात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम. हे सगळ्यांना माहीत असतं, कारण भंगारवाले त्याच्याच मागे असतात. जाळी आणि कवच यांच्यामध्ये जी करडी-पांढरी, नमद्यासारखी पट्टी गुंडाळलेली असते तिच्याकडे मात्र कुणी बघत नाही. जाळीला धक्के बसू नयेत म्हणून ती असते आणि तापली की फुगून जाळीला घट्ट धरते. बऱ्याच कन्व्हर्टरमध्ये ही पट्टी सिरॅमिक तंतूंची असते. नवी असते तेव्हा ती लवचिक असते. वर्षानुवर्षं भाजून निघालेली पट्टी बोटांत धरली की बिस्किटासारखी भुगा होते, आणि त्या भुग्यातले तंतू इतके बारीक असतात की उन्हाच्या तिरिपेत चमकले तरच दिसतात. तुमची मनगटं खाजवतात ते हेच. हातमोजा संपतो आणि बाही सुरू होते त्या दोन बोटांच्या पट्ट्यात ते रुततात. म्हणून खाज तळहाताला नाही, मनगटाला.

त्वचेतला तंतू दोन दिवसांत निघून जातो. छातीत गेलेला तसा निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने असे रिफ्रॅक्टरी, म्हणजे प्रचंड उष्णता सोसणारे, सिरॅमिक तंतू ‘माणसात कर्करोगाची शक्यता’ या गटात टाकलेत. युरोपीय संघाने त्यांना त्याहून कडक वर्गात ठेवलंय. शिवाय हे तंतू हजार अंशांच्या आसपास दीर्घकाळ तापले तर त्यांच्यात स्फटिकरूप सिलिका तयार होऊ शकते, आणि ती धूळ तर कर्करोगकारक म्हणून पक्की सिद्ध झालेली आहे. नव्या बनावटीच्या काही पट्ट्यांत शरीरात विरघळणारे, कमी घातक तंतू वापरतात. तुमच्या हातातल्या कन्व्हर्टरमध्ये कोणते आहेत हे मात्र नुसतं बघून कुणालाही सांगता येत नाही, मलाही नाही. त्यामुळे सगळ्यांना सारखंच वागवायचं.

चार-पाच वेळा हे केलं म्हणजे काही झालं असं नाही, घाबरवायचा माझा हेतू नाही. पण महिन्याला पाच म्हणजे दोन वर्षांत शंभराच्या वर जाळ्या होतात. म्हणून आता थांबायचं.

थांबायचं म्हणजे कन्व्हर्टर अख्खा उतरवायचा आणि अख्खाच बाहेर द्यायचा. उतरला की दोन्ही तोंडांना प्लॅस्टिकचं टोपण किंवा जाड चिकटपट्टी, मग जाड पिशवी, तिच्यावर दुसरी पिशवी, आणि वर मार्करने ‘आत सिरॅमिक धूळ’ असं लिहायचं. परवानाधारक पुनर्प्रक्रियावाल्याकडेच तो जायला हवा. घरच्या घरी आम्लात जाळी शिजवून प्लॅटिनम काढणारे लोक असतात. त्या प्रक्रियेत तयार होणारे प्लॅटिनमचे क्षार दम्यासारखी अ‍ॅलर्जी लावतात आणि एकदा ती लागली की आयुष्यभर पिच्छा सोडत नाही. जाळीवरचं धातुरूप प्लॅटिनम तसं करत नाही, ही त्यातली जमेची बाजू.

उस्तादांना कसं सांगायचं हा खरा अवघड भाग, मला कल्पना आहे. आरोग्याचं बोलून उपयोग होत नाही, ‘आम्ही तीस वर्षं करतोय’ हे उत्तर तयारच असतं. त्यापेक्षा कामाचं बोला. पोकळ केलेल्या कन्व्हर्टरची गाडी पी-०४२०, म्हणजे ‘कन्व्हर्टर नीट काम करत नाही’, हा बिघाडाचा कोड घेऊन परत येते, कारण मागचा ऑक्सिजन सेन्सर गप्प बसत नाही. कन्व्हर्टर निकामी करणं अनेक देशांत गुन्हा आहे आणि तो ज्याने केला त्याच्यावर येतो. आणि जाळी चोक का झाली ते कुणी शोधलेलंच नसतं. याकडे पुढे येतो, कारण त्यात आगीचा धोका आहे.

आता गरमपणा. ‘किती वेळ’ याला एक आकडा नाही. गाडी किती धावून आली, मिसफायर होत होतं का (म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न पेटताच बाहेर पडत होतं का), कन्व्हर्टर गाडीच्या पोटाखाली आहे की मॅनिफोल्डलाच, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या धुराच्या नळ्यांनाच, चिकटून आहे, यावर ते ठरतं. साधारण चालणाऱ्या गाडीत आत चारशे ते आठशे अंश असतात. मिसफायर असेल तर न जळलेलं पेट्रोल जाळीतच जळतं आणि पारा हजाराच्या पुढे जातो. वरून काही कळत नाही. लोखंड-स्टील साधारण सव्वापाचशे अंशांच्या खाली अंधारातसुद्धा लाल दिसत नाही. म्हणजे साडेचारशे अंशांचा कन्व्हर्टर आणि काल रात्रीपासून उभ्या गाडीचा कन्व्हर्टर दिसायला एकच. आणि गाडी थांबली की वारा थांबतो. पहिली काही मिनिटं आजूबाजूचे भाग उलट जास्त तापतात.

तुम्ही म्हणाल, इन्फ्रारेड थर्मामीटर आहे की. आहे, आणि त्यानेच मला भाजलंय. एकदा बंदुकीसारखा तो रोखला, आकडा आला बावन्न, मी बिनधास्त हात घातला. दोन चुका एकदम झाल्या होत्या. एक, मी मोजलं होतं ते बाहेरचं उष्णतारोधक पत्र्याचं कवच. त्याच्या आणि कन्व्हर्टरच्या मध्ये बोटभर हवा असते, म्हणून पत्रा लवकर निवतो आणि आतला ऐवज तसाच धगधगत राहतो. दोन, चकचकीत स्टेनलेसवर हा थर्मामीटर खोटं बोलतो. चकचकीत पृष्ठभाग स्वतःची उष्णता कमी सोडतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी येतो. मोजायचं असेल तर गंजलेल्या, मळकट, काळवंडलेल्या जागी मोजा. कवचाच्या फटीतून खुद्द अंगावर, आणि दोन-तीन ठिकाणी. मी पंचेचाळीसच्या खाली आल्याशिवाय उघड्या हाताने शिवत नाही. साठ अंशांचा धातू काही सेकंदांत भाजतो, सत्तरचा टेकताक्षणी.

व्यवहारात मी असं करतो: गाडी संध्याकाळी ठेवून घ्यायची, काम सकाळी. ग्राहकाला घाई असेल तर निदान दीड-दोन तास, आणि मग मोजून. त्या वेळात बॉनेट उघडून ठेवायचं, गाडीखाली पंखा लावायचा. पाणी मात्र ओतायचं नाही. वाफेने तोंड भाजतं, आणि बदलायचा नसलेला कन्व्हर्टर असेल तर जाळीला तडा जातो.

एक गोष्ट खरी आहे आणि तुमचे उस्ताद तिच्याच जोरावर बोलत असणार: कोमट असताना ऑक्सिजन सेन्सर आणि जाम बोल्ट सोपे निघतात. बरोबर आहे. पण कोमट म्हणजे कोमट, तापलेलं नाही. आणि कोमट कामाला चामड्याचे हातमोजे, कोपरापर्यंत बाही, सुती कपडे. ते निळे पातळ नायट्राइलचे मोजे ऑइलच्या कामाला छान आहेत, पण तापलेल्या पाइपाला टेकले की वितळून कातडीला चिकटतात. पॉलिएस्टरच्या शर्टाचंही तेच. जाम बोल्टवर गंज सोडवायचं तेल मारायचं तर थंड असताना आदल्या रात्री मारा. तापलेल्या मॅनिफोल्डवर ते मारलं तर धूर होतो, आणि पुरेसं तापलेलं असेल तर भपकन पेटतं.

भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या नळाखाली, घड्याळ लावून. बर्फ नाही, मलम नाही, टूथपेस्ट तर नाहीच. अंगठी, कडं, घड्याळ सूज यायच्या आत काढा. चिकटलेलं कापड ओढू नका. तळव्याएवढा भाग असेल, किंवा हाताचा पंजा, तोंड, डोळा असेल तर थेट दवाखाना.

तुम्ही न विचारलेली गोष्ट म्हणजे वायू, आणि धूळ, गरमपणा, वायू या तिन्हींत जीव घेणारी तीच आहे. चालू कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड जाळून टाकतो. म्हणजे उलट वाचा: इंजिन नुकतंच सुरू झालंय आणि कन्व्हर्टर अजून अडीचशे-तीनशे अंशांना पोचलेला नाही, किंवा तो उतरवलेला आहे, किंवा तुमच्या हातून पोकळ झालेला आहे, किंवा त्याच्या आधीची फ्लँज, म्हणजे पाइपाचा बोल्टचा जोड, सैल आहे, तर गॅरेजमध्ये येतो तो कच्चा धूर. पेट्रोल इंजिनाच्या कच्च्या धुरात एक टक्का कार्बन मोनॉक्साइड असणं काही विशेष नाही. एक टक्का म्हणजे दशलक्षात दहा हजार भाग. बाराशे भागांची पातळीच ‘जिवाला तात्काळ धोका’ मानली जाते. शटर अर्धं खाली असलेल्या छोट्या जागेत तिथवर पोचायला फार वेळ लागत नाही.

आमच्याकडे एकदा बॅकप्रेशर, म्हणजे कन्व्हर्टर तुंबल्याने धुराचा मागे साठणारा दाब, बघत होतो. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात गेज लावायचं, इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर धरायचं. तीन पीएसआयच्या (दाबाचं एकक) वर काटा गेला की चोक आहे असं समजायचं, मॅन्युअलात वेगळा आकडा असेल तर तो खरा. जोड नीट बसला नव्हता, धूर गळत होता, बाहेर पाऊस म्हणून शटर खाली. पंधरा-वीस मिनिटांत माझ्या सोबतचा पोरगा म्हणाला डोकं जड झालंय, मळमळतंय. मला वाटलं उपाशी असेल. कुणीतरी बोटाला ऑक्सिमीटर लावला, त्याने अठ्ठ्याण्णव दाखवले, आणि आम्ही निश्चिंत झालो. त्या अठ्ठ्याण्णवला काही अर्थ नसतो. साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखूच शकत नाही. त्या दिवशी तो बाहेर जाऊन बसला आणि तासाभरात बरा झाला, पण वाचलो ते नशिबाने. डोकेदुखी, गरगर, मळमळ, आणि एकाऐवजी दोघांना एकदम होतंय, तर आधी इंजिन बंद, सगळे उघड्यावर, आणि त्रास थांबत नसेल किंवा कुणी बेशुद्ध असेल तर रुग्णवाहिका. दवाखान्यात शुद्ध ऑक्सिजन दिला की हा वायू रक्तातून कितीतरी लवकर निघतो, म्हणून ‘बरं वाटेल’ म्हणत थांबू नका.

इंजिन चालू ठेवून काम असेल तर धूर बाहेर नेणारा पाइप शेपटीला लावलेला हवा, दारं उघडी हवीत, आणि खिशाला अडकवायचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. घरगुती भिंतीवरचा अलार्म इथे कामाचा नाही. कमी पातळीला तो मुद्दाम उशिरा वाजावा असाच बनवलेला असतो. आणि धुळीचा कोणताही मास्क हा वायू अडवत नाही, सगळ्यात महागातलाही नाही. सडक्या अंड्यासारखा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड, मिश्रण गडद, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी, चाललंय याची खूण. मोनॉक्साइडला मात्र वासच नाही, त्यामुळे ‘वास येत नाहीये ना’ हा निकष विसरा.

हायब्रिड गाडी असेल तर आणखी एक. ती गप्प उभी दिसते पण ‘रेडी’ असते आणि बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं. तुम्ही खाली असताना. गाडी पूर्ण बंद करा आणि चावी लांब, ड्रॉवरमध्ये ठेवा, खिशात नको.

गाडी उचलण्याबद्दल तुम्हाला सांगायची गरज नसावी: नुसत्या जॅकवर कधीच नाही, स्टँड आणि चाकांना ठोकळे. कन्व्हर्टर पाइपासकट खाली येताना वजन अंगावर घेऊ नका, खालून आधार द्या आणि मगच शेवटचा बोल्ट सोडा. डोळ्यांना बाजूंनी बंद असलेला गॉगल, साधा चष्मा नाही. गंजाची खपली कुठूनही येते.

कापायची वेळ आलीच, म्हणजे कन्व्हर्टर वेल्ड केलेला असेल, तर पाइप कापा, कन्व्हर्टरचं अंग नाही. कवचात ब्लेड गेलं की ती पट्टी भुकटी होऊन हवेत. शक्य तिथे साखळीचा पाइप कटर वापरा, ठिणगीच नाही. ग्राइंडर लावावाच लागला तर आधी बघा पेट्रोलची लाइन, टाकी, ब्रेकचे पाइप, वायरिंग कुठून गेलंय. अग्निशामक हाताशी, आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथून हलायचं नाही. अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या पोटाला मारलेला गंजरोधक थर, आत धुमसत राहतं आणि आपण हात धुवायला गेल्यावर पेटतं. वेल्डिंग करताना बॅटरी सोडा, अर्थचा चिमटा वेल्डच्या जवळ लावा. स्टेनलेसच्या धुरात घातक क्रोमियम असतो, धूर ओढणारा पंखा हवाच. आणि एक पक्कं लक्षात ठेवा: क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर आर्क मारू नका. त्यातून फॉस्जिन तयार होतो, जो युद्धात वापरलेला विषारी वायू आहे. क्लोरीन नसलेला क्लीनर मिळतो, तोच गॅरेजमध्ये ठेवा.

डिझेल गाड्यांचं थोडं वेगळं. तिथे काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि उभ्या गाडीत स्कॅनरने तो जाळून साफ करताना धूर सहाशे अंशांच्या आसपास बाहेर पडतो. साधा रबरी पाइप शेपटीला लावला असेल तर तो जळतो. ती प्रक्रिया उघड्यावर, काँक्रीटवर, आसपास काही पेटण्यासारखं नसताना. काजळी आणि राख ब्लोअरने उडवू नका. अवजड वाहनांच्या काही उत्प्रेरकांत व्हॅनेडियम असतं, तेही फुफ्फुसाला वाईट.

आता तो राहिलेला मुद्दा, चोक का झाला. मिसफायर, ऑइल जळणं, कूलंट आत येणं, गडद मिश्रण, यांपैकी काहीतरी असतंच. ते न शोधता नवा कन्व्हर्टर बसवला आणि ट्रायलला निघालात, तर दहा मिनिटांत तो लालबुंद होऊ शकतो. वर कार्पेट, वायरिंग, आणि गाडी सुक्या गवतावर उभी केलीत तर खाली गवत. म्हणून आधी कोड वाचा, पी-०३०० किंवा त्याच्या भावंडांपैकी काही, म्हणजे मिसफायरचा कोड, असेल तर प्लग-कॉइल-इंजेक्टरचं काम आधी. सिलिंडर तपासायला प्लगची वायर काढून इंजिन मिनिट-मिनिटभर चालवत ठेवायची जुनी सवयही सोडा, कार्ब्युरेटरच्या काळात ती चालायची. टाकीत थिनर ओतून जाळी साफ करायचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. तापल्या कन्व्हर्टरशी ज्वलनशील द्रावणाचा खेळ कशाला.

मास्क. अख्खा कन्व्हर्टर उतरवताना आतली जाळी फुटलेली आहे असा संशय असेल, म्हणजे रबरी हातोड्याने हलकं ठोकल्यावर आत खुळखुळतंय, तर अर्ध्या चेहऱ्याचा रबरी मास्क आणि पी-१०० किंवा पी-३ दर्जाचे फिल्टर. एकदा वापरून टाकायचाच हवा तर एफएफपी-३. काहीच नसण्यापेक्षा एन-९५ बरा. रुमाल म्हणजे काहीच नाही. दाढी असेल तर कडेने हवा शिरते आणि सगळा खर्च वाया. घातल्यावर फिल्टरवर तळवे दाबून श्वास ओढा, मास्क गालांना चिकटला पाहिजे. खाली सांडलेली धूळ झाडायची नाही, एअरगनने उडवायची तर मुळीच नाही. पाणी शिंपडून ओल्या फडक्याने टिपा आणि फडकंही पिशवीत. कपडे गॅरेजमध्येच बदला, घरच्या कपड्यांत धुवू नका. खाजणारा भाग चोळू नका, आधी भरपूर पाणी सोडा, मग साबण.

खोकल्याचं मी इथून काही सांगू शकत नाही. तो महिन्याला पाच दिवसच येतो की आता मधल्या दिवसांतही येतो, जिना चढताना दम लागतो का, सिगारेट आहे का, यावर ते अवलंबून आहे. छातीच्या डॉक्टरकडे जा आणि नुसतं ‘गॅरेजमध्ये काम करतो’ एवढंच सांगू नका, ते ऑइल-ग्रीस समजतील. ‘दोन वर्षं, महिन्याला चार-पाच वेळा, सिरॅमिक तंतूंची धूळ, मास्क न लावता’ हे याच शब्दांत सांगा. फुंकून करायची फुफ्फुसाची तपासणी ते आज करतील, तो कागद जपून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा केली की तुलना त्याच्याशीच होणार आहे.